‘एपिटोम’ म्हणाली म्हणून हसलात?

आज ऑफिसात प्रेझेंटेशन देताना आमच्याकडची नवी मुलगी ‘एपिटोम’ म्हणाली. उच्चार ‘इपिटमी’, अर्थ एखाद्या गुणाचा मूर्तिमंत नमुना. शब्द तिने अगदी चपखल वापरला होता. तरी दोघं-तिघं फिसकन हसले. पुढच्या स्लाइड्स तिने मान वर न करता उरकल्या. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

माझे बाबा खेड्यातल्या शाळेत मास्तर. वाचनालयातून इंग्रजी कादंबऱ्या आणायचे, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचे. मराठी पेपरातला ‘कर्नल’ त्यांना ठाऊक होता, पण इंग्रजी पुस्तकातला ‘कोलोनेल’ हा वेगळाच हुद्दा असेल असं ते कित्येक वर्षं समजत होते. एका लग्नाच्या पंगतीत ते ‘कोलोनेल’ म्हणाले आणि शहरातले पाहुणे खो-खो हसले. बाबाही कसनुसे हसले. नंतर चारचौघांत त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द मी ऐकला नाही.

अरे, चूक काय त्यांची? तो शब्द फ्रेंचमधून ‘कोरोनेल’ असाही आला होता. पुढे इटालियनच्या वळणाने स्पेलिंगात एल पक्का झाला, जिभेवर मात्र आर राहिला. कर्जाला ‘डेट’ (debt) म्हणतात, त्यातला मुका बी लॅटिन ‘डेबिटम’शी नातं दाखवायला पंडितांनी मागाहून घुसडला. आरोप ठेवणे म्हणजे ‘इंडाइट’ (indict), त्यातल्या सीची हीच कथा. शिधासामग्रीचा शब्द ‘व्हिक्च्युअल्स’ दिसतो, म्हणायचा ‘व्हिटल्स’! हे कानावर पडल्याशिवाय कळणार कसं? आणि बाबांच्या कानावर घालणारं होतं कोण त्या गावात?

बरोबर उच्चार शिकावेत, मान्य. हल्ली मोबाइलवर ऐकता येतात, तेही मान्य. पण आपलं चुकतंय अशी शंका तर आधी यायला हवी ना! तुमच्या घरात इंग्रजी बोललं जात होतं, म्हणून तुम्हाला आलं. त्यात तुमचे कष्ट कुठे होते?

संध्याकाळी तिला जिन्यात गाठलं. कुठे वाचलास गं हा शब्द, विचारलं. “ताई, वही केली होती मी. रोज दहा शब्द.” एवढंच बोलली आणि डोळे भरून आले तिचे. माझेही आले.

बाबांचीही वही होती. शब्द, अर्थ, वाक्य, सगळं शाईने. आत्ता ती उघडून बसलेय. ‘कोलोनेल’च्या ओळीत शेवटी बारीक पेन्सिलीने ‘कर्नल’ लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.