सेट धडधाकट, संगणकच आडमुठा

बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागाच्या जीपमधले जुने व्हीएचएफ वायरलेस सेट आजही खणखणीत बोलतात. जिथे मोबाइलची रेंज दगा देते, अशा उसाच्या फडातूनही गट कार्यालयापर्यंत निरोप पोहोचवतात. परवान्यातली फ्रिक्वेन्सी बदलली म्हणून त्यांत फक्त नवा आकडा भरायचा आहे, आणि तेवढ्यासाठी माणसाला वेड लागायची पाळी यावी, याला काय म्हणावे?

हा आकडा भरायचा तो सेट संगणकाला जोडून, आणि त्याचे सॉफ्टवेअर डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या जमान्यातले, म्हणजे १६ बिटचे. ६४ बिटच्या विंडोजवर ते उघडतच नाही. बरे, नव्या संगणकावर कसाबसा डॉस चढवला, तर त्याचा वेगच या सॉफ्टवेअरला सोसत नाही. उत्तराची वाट किती पाहायची, हे ते घड्याळावरून न ठरवता प्रोसेसरच्या फेऱ्या मोजून ठरवते. नव्या प्रोसेसरवर या फेऱ्या क्षणात संपतात, त्यामुळे सेटने तोंड उघडण्याआधीच 'प्रतिसाद नाही' असे जाहीर करून ते मोकळे होते.

पोर्टचे रडगाणे वेगळेच. लॅपटॉपला सिरियल पोर्ट, म्हणजे सेटची केबल खुपसायचे जुन्या पद्धतीचे तोंड, नाही म्हणून यूएसबीची केबल आणावी, तर आत नकली चिप निघते आणि ड्रायव्हर तिला दारातच उभे करत नाही. चिप अस्सल असली तरी उपयोग शून्य, कारण हे सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या हार्डवेअरशी बोलणारे. यूएसबी नावाचा प्रकार त्याच्या गावीही नाही. शिवाय सेटच्या आतले सिग्नल ५ व्होल्टचे आणि सिरियल पोर्टचे उणे-अधिक १२ व्होल्टच्या घरातले, म्हणून मध्ये इंटरफेस बॉक्स लागतोच. छत्रपती संभाजीनगरला तो मागावा, तर दुकानदार 'नवे डिजिटल सेटच घेऊन टाका ना' असा सल्ला देतो. पैसे काय याचे काका भरणार आहेत?

शेवटी अडगळीतला जुन्या ४८६ प्रोसेसरचा संगणक बाहेर काढावा, तर त्याच्या बोर्डावरचा सेल मेलेला. म्हणजे दर वेळी तारखेपासून हार्डडिस्कच्या नोंदीपर्यंत सगळे हाताने भरणे आले. एवढ्या खटाटोपानंतर सेट वाचला जातो, नवी माहिती लिहिणे सुरू होते आणि नेमके अर्ध्यावर लाइट जाते. अर्धवट लिहिलेला सेट मग चॅनल दाखवायचे सोडून नुसता टूं करत बसतो.

इकडे गव्हाणीत मोळी टाकायचा, म्हणजे गाळप सुरू व्हायचा दिवस तोंडावर आला आहे आणि कार्यालयातून रोज फोन येतो, "अहो साहेब, एक आकडा तर बदलायचा आहे, त्याला एवढा वेळ कशाला?"