रंकाळ्यावर उसना चंद्र

रंकाळा तलाव पडला कोल्हापूर गावाच्या पश्चिमेला. चौपाटीवर मावळतीकडे तोंड करून उभं राहिलं, की पौर्णिमेचा चंद्र बरोबर पाठीमागून, कुणाच्या तरी गच्चीवरच्या टाकीआडून वर येतो. पाण्याच्या बाजूला जायला त्याला पहाट होते. कोजागिरीच्या मध्यरात्री तर तो जवळजवळ डोक्यावरच असतो. तळं आणि चंद्र एका चौकटीत हवेत, तर दोघांपैकी एकाला हलवावं लागतं. तळं हलत नाही.

बरं, पहाटे उठून दोघांना गाठलं तरी उजेडाचं भांडण उरतंच. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. पूर्ण चंद्राला आयएसओ (उजेड टिपण्याची तीव्रता) १००, एफ (लेन्सचं भोक; आकडा मोठा तर भोक लहान) ११ आणि १/१२५ सेकंद पुरे होतात. रात्रीच्या काठाला आयएसओ ४००, एफ/५.६ आणि १० सेकंद तरी लागतात. गुणाकार केला तर फरक सुमारे २० हजार पट! काठ दिसेल असा फोटो काढला की चंद्राचे सगळे डाग धुऊन निघतात. शिवाय सगळा काठ मावणाऱ्या २४ मिमी लेन्समध्ये तो चौकटीच्या रुंदीच्या १/१६० एवढाच, म्हणजे साबुदाण्याचा एक दाणा.

म्हणून डबल एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यातच दोन फोटो एकावर एक जोडायचे. आधी लांब लेन्सनं एकटा चंद्र काढायचा आणि तो चौकटीत कुठे ठेवलाय ते ग्रिडवर नीट बघून घ्यायचं. मग लेन्स बदलून काठ घ्यायचा, तेवढी जागा काळी, रिकामी सोडून. सांगायला एवढंच. प्रत्यक्षात डोक्यावरचा चंद्र गाठायला ट्रायपॉडचं डोकं पार मागं वाकवलं की त्याची दांडी छातीत रुतते. ऑटोफोकस बंद करून, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, दहापट मोठं करून हातानं फोकस करावा, तोवर स्वारी सरकलेली. साधारण दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा पुढे जातो. त्यात काही कॅमेऱ्यांत अर्धा मिनिट हात थांबला की मल्टिपल एक्सपोजर, म्हणजे ही फोटो जोडायची सोय, आपोआप बंद पडतं. एक लेन्स काखेत, एक टोपण दातात, आणि नेमका मागून आवाज येतो, ‘काय भावा, फोटू काढालाईस व्हय?’ दातात टोपण असताना होकार फक्त भुवयांनी देता येतो.

म्हणून मेनूतला स्टँडबाय टायमर, म्हणजे कॅमेऱ्याची झोपी जायची वेळ, आधीच वाढवून ठेवावा. काही कॅमेरे कार्डावरचा जुना रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला) फोटो पहिला थर म्हणून घेतात. तसा असेल तर चंद्र आदल्या रात्री घरच्या गच्चीवरून काढावा आणि रंकाळ्यावर सुखानं भेळ खावी. थर जोडण्याची पद्धत ‘लाइटन’ किंवा ‘ब्राइट’ ठेवा; त्यात प्रत्येक जागी दोन्ही फोटोंतलं जे जास्त उजळ तेच उरतं. ‘ॲव्हरेज’ दोन्ही फोटोंचा उजेड निम्मा करतं आणि चंद्र आजारी दिसतो. काठाचा फोटो संध्याकाळी निळं आभाळ असताना घेतला, तर ते निळं चंद्राच्या डागांत भरतं आणि नुसती फिकट चकती उरते. चंद्रकोर असेल तर तिच्या अंधाऱ्या भागामागे तारा किंवा दिवा येऊ देऊ नका, नाहीतर तो थेट चंद्राच्या पोटात चमकतो. हे फोटोग्राफरला शेवटी दिसतं, भेळवाल्याला पहिल्यांदा.

आता आकार. २०० मिमी लेन्सनं काढलेला चंद्र २४ मिमीनं काढलेल्या काठावर ठेवला की आठपट मोठा होतो, आणि तळ्याकाठच्या शालिनी पॅलेसवर आता आदळणार असं वाटतं. हौसेला मोल नाही हे खरं, पण माझ्या मते तीन-चार पटींच्या वर जाऊ नये; ८५ ते १०० मिमी पुष्कळ झालं. चंद्र वर लटकलेला आणि खाली पाण्यात त्याचा पत्ता नाही, हेही लोक बरोबर पकडतात. त्यामुळे पाणी थोडकं घ्यावं, झाडं आणि काठ जास्त.

मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला. त्याच गावात आज फोटो दाखवला की पहिला प्रश्न येतो, ‘ॲपवर केलंयस काय?’ मी सरळ हो म्हणतो. नाही म्हटलं की एफ/११ पासून सगळं सांगावं लागतं, आणि तेवढ्यात तिकडे अर्धा मिनिट संपतो.