अपूर्ण. पुन्हा कर.

संध्याकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

माझ्याकडे एक मुलगी अभ्यासाला येते, सातवीतली. आज आली तीच वही छातीशी घट्ट धरून. शाळेत हवामान बदलाचा धडा झाला आणि 'माझा कार्बन फुटप्रिंट', म्हणजे आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशेब, असा छापील तक्ता भरून आणायला सांगितला होता. घरात गाड्या किती, एसी किती, फ्रिज केवढा, वर्षात विमानप्रवास किती वेळा. पोरीने प्रत्येक रकान्यात पट्टी लावून आडवी रेघ मारली होती. एकही रेघ वाकडी नाही. शेवटी प्रश्न होता, 'पृथ्वी वाचवण्यासाठी तू काय कमी करशील?' तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलं होतं. वही दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा कुठे वाचता आलं.

'मी रात्री लवकर झोपेन.'

तिच्या घरात एकच बल्ब आहे. त्याच्याखाली ती अभ्यास करते. कमी करण्यासारखं तिला तेवढंच सापडलं. आणि या सगळ्यावर लाल शाईत शेरा: 'अपूर्ण. पुन्हा कर.'

शिक्षिकेवर राग काढत नाही. वह्यांचा ढीग समोर असेल, तक्ताही वरूनच आला असेल. मान्य. पण ज्यांनी हा प्रश्न तयार केला, त्यांनी एकदा तरी असं घर डोळ्यांसमोर आणलं होतं का? दोन गाड्यांच्या घरातल्या मुलाला आणि एका बल्बच्या घरातल्या मुलीला एकच प्रश्न विचारायचा आणि तिचं उत्तर अपुरं ठरवायचं! इथे जे आहात त्यांना अन्याय म्हणजे काय हे मी समजावून सांगायला नको.

हा फुटप्रिंट घरोघरी पोचवला कुणी माहीत आहे? बीपी या तेल कंपनीने. २००४ मध्ये त्यांनी लोकांना आपापला कार्बन मोजायचा कॅल्क्युलेटर दिला. जमिनीतून तेल उपसून विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात तराजू दिला, तुझा वाटा तू मोज म्हणून. आणि आपण तो तराजू उचलून मुलांच्या दप्तरात घातला.

धड्यात तो प्रसिद्ध आलेख आहे, हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचा. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. रेघ वर चढताना दाखवतात. ती कुणी चढवली, याबद्दल अक्षर नाही. हा वायू शेकडो वर्षं हवेत राहतो, म्हणजे आजच्या उष्म्यात आजोबा-पणजोबांच्या काळातला धूरही आहे. आजवरच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. अख्ख्या आफ्रिका खंडाचा तीन टक्क्यांच्या आसपास. सातवीतल्या मुलाला टक्केवारी येते की! मग हे गणित का नाही घालत?

आणि हे शाळेपुरतं नाही. धोरणंही हाच तक्ता हातात घेऊन बसतात. फ्रान्समध्ये श्रीमंतांवरचा संपत्ती कर २०१८ पासून जवळजवळ मोडीत काढला आणि त्याच सुमारास हवामानाचं नाव पुढे करून डिझेल-पेट्रोलवरचा कर वाढवला. ज्या गावात बस जात नाही, गाडीशिवाय कामावर पोचता येत नाही, तिथली माणसं पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आली. लगेच ती हवामानाची शत्रू ठरली. त्यांच्याही तक्त्यावर लाल शेराच पडला की.

हो, कोळसा बंद व्हायलाच हवा, आणि लवकर. त्यात मी एक पाऊल मागे घेणार नाही. रिकाम्या खोलीतला दिवाही बंद करावा. पण जगात आजही दोनशे कोटींहून जास्त माणसं लाकूड, गोवऱ्या, कोळसा, रॉकेल यांवर रांधतात, आणि घरातल्या धुराने वर्षाला तीसेक लाख जीव जातात. त्या घरांना 'काय कमी करशील' विचारायचं? त्यांना तर ऊर्जा वाढवून द्यायची आहे. स्वच्छ, परवडणारी, आणि आधी त्यांना.

हवामानावरच्या जागतिक पॅरिस कराराच्या बाराव्या कलमात हवामान शिक्षण आहे. त्याच कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतर आहे, म्हणजे हा बदल करताना त्यांची रोजीरोटी सांभाळायची. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर. शाळेपर्यंत येताना पहिली तेवढी पोचली, दुसरी वाटेत कुणी काढून घेतली?

लिहिता लिहिता राग जरा निवला. खरं तर तिच्यासमोर मी रागावलेच नव्हते. तिचीच पट्टी घेऊन तक्त्याच्या बाजूला आम्ही एक नवा रकाना आखला, 'आजवर कुणी किती जाळलं'. अमेरिका, युरोप, चीन, भारत, आफ्रिका. ती आकडे लिहीत गेली आणि मध्येच थांबून म्हणाली, "ताई, म्हणजे आमच्या रेघा चुकल्या नव्हत्या?"

नव्हत्या गं, म्हटलं. एकही नाही.

मग शेवटच्या प्रश्नाकडे वळली. खोडरबराने तिथला कागद पातळ झाला होता. बराच वेळ पेन हातात धरून बसली आणि विचारलं, "कमी करायचं विचारलंय, पण मी एक दिवा जास्त मागितला तर चालेल?"

लिही म्हटलं. या वेळी तिने पेनाने लिहिलं. वही उद्या परत शाळेत जाणार आहे.