अभिलेखागार, ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय एकच नव्हेत

ठाण्यातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे: राष्ट्रीय अभिलेखागार, राष्ट्रीय ग्रंथालय आणि राष्ट्रीय संग्रहालय एकच काम करतात, म्हणून सारे विषयवार लावून एका इमारतीत ठेवावे आणि स्कॅन झाल्यावर मूळ कागद काढून टाकावेत. यातले एकही विधान टिकत नाही.

काम एकच आहे, हा पहिला दावा. गैरसमज समजण्यासारखा आहे, कारण ठाण्यातील 1893 सालच्या ग्रंथालयाचे नावच मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. परंतु ग्रंथालयातील छापील पुस्तक ही बहुधा अनेक प्रतींपैकी एक असते. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबरोबर इतर ठरावीक ग्रंथालयांनाही प्रत द्यावी लागते. वस्तुसंग्रहालय वस्तू जपते, मग तिच्यावर अक्षरे का असेनात: सोपाऱ्याला 1882 मध्ये सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अभिलेखागारातील कागद मात्र कारभार चालवताना तयार झालेला आणि बहुधा एकुलता एक असतो.

विषयवार लावण्याची सूचना मला सर्वांत घातक वाटते. समजा, ठाण्यातील एखाद्या तलावाच्या गाळाविषयीची जुनी फाइल आहे. तिच्यात रहिवाशांचा अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मामलेदाराचा शेरा आणि शेवटी कलेक्टरचा हुकूम आहे. अर्ज 'पाणी' या विषयाखाली आणि हुकूम 'महसूल' या विषयाखाली गेला, तर कोणी काय मागितले, कोणी अडवले आणि अखेर काय मिळाले, हा धागाच तुटतो. म्हणून अभिलेखपाल कागद ज्या कचेरीत निर्माण झाले तिच्या नावाखाली आणि तिथल्याच क्रमाने ठेवतात.

स्कॅननंतर मूळ कागद काढून टाकण्याचा विचार कायद्यालाही मान्य नाही. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 नुसार केंद्र सरकारचे अभिलेख ठरलेल्या पद्धतीशिवाय नष्ट करता येत नाहीत, आणि 1892 पूर्वीचा अभिलेख तर तो वापरता येणार नाही इतका खराब झाला असेल तरच. शिवाय स्कॅनमध्ये सारे येत नाही. तुकडे चिकटवून लांब केलेल्या मोडी कागदाच्या सांध्यावर पाठीमागून शिक्का उमटवलेला असेल, तर फक्त लिहिलेली बाजू स्कॅन करणाऱ्याला तो दिसणार नाही. आणि मधला एखादा तुकडा मागाहून बदलला का, हे तपासण्याची सोय मूळ कागदाबरोबरच जाईल.