मामा उठून चालणार नाहीत

आज इस्लामपुरात चुलतबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. मामा आले होते. ते सहसा कुठल्या कार्याला येत नाहीत, कारण त्यांना आणायचं म्हणजे गाडीची पुढची सीट मागे सरकवा, त्यांना दोघांनी उचलून बसवा, चाकांच्या खुर्चीची घडी करून डिकीत कोंबा, डिकी लागत नाही म्हणून दोरीनं बांधा, एवढा सगळा कार्यक्रम असतो. तरी आले. नवा शर्ट, कपाळाला अष्टगंध, मिशीला पीळ. आणि हॉलमध्ये एक लांबचे पाहुणे आले, मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आबा, आपल्या पेठच्या पेटकरांचा सिनेमा बघितला का? बघाच. काय जिद्द! माणसानं मनात आणलं, देवावर विश्वास ठेवला, की अशक्य असं काही नसतं बघा. तुम्हीपण एक दिवस उठून चालाल."

मामांनी हात जोडले. "बघतो की," म्हणाले आणि हसले. मामी पाणी आणते म्हणून उठल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

मी तिथं काही बोलले नाही. दुसऱ्याच्या कार्यात तमाशा नको म्हणून गप्प बसले. आता सांगलीला घरी आलेय, साडीसुद्धा बदललेली नाही, आणि हे लिहितेय.

पाहुणे, तुम्ही तो सिनेमा, 'चंदू चॅम्पियन', नक्की बघितलात ना? मग हे कसं सुटलं तुमच्या नजरेतून, की मुरलीकांत पेटकर उठून पूर्वीसारखे चालले नाहीत? तुमच्या-आमच्या वाळवा तालुक्यातला माणूस. सैन्यात गेला, बॉक्सिंग केलं. 1965 च्या युद्धात सियालकोट भागात अंगात गोळ्या घुसल्या, एक तर मणक्याजवळ कायमची राहिली आणि कमरेखालचं शरीर गेलं. ते पूर्वीसारखं परत आलं नाही. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सोनं मिळवलं, 37.33 सेकंदांत, जागतिक विक्रम करून, ते तसल्याच पायांनी. ऑलिम्पिक काय आणि पॅरालिम्पिक काय, भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक ते. त्या माणसाची सगळी गोष्टच ही आहे की पाय पूर्वीसारखे मिळाले नाहीत, मग उरलेल्या शरीराचं काय करायचं ते त्यानं बघितलं. आणि तुम्ही त्यातून काय उचललंत, तर विश्वास ठेवला की पाय परत येतात!

म्हणजे मामांचे पाय आले नाहीत याचा अर्थ काय झाला? मामांचा विश्वास कमी पडला? मामींची जिद्द कमी पडली?

मामा म्हणजे एके काळचा गावचा पैलवान. जत्रेत रेवडीवरच्या कुस्तीपासून सुरुवात, मग पैशांच्या कुस्त्या. फार मोठं नाव झालं नाही, पण पंचक्रोशीत ओळख होती. पुढं शेती, ऊस, ट्रॅक्टर. एका गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉलीवर चढून दोर आवळताना दोर तुटला आणि ते वरून पाठीवर पडले. बस, एवढंच. युद्ध नाही, गोळी नाही, कुणी सिनेमा काढावा असं काहीच नाही. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला माणूस.

त्यानंतर काय असतं ते पाहुण्यांना माहीत नाही, सिनेमातही ते दोन मिनिटांत उरकतात. ज्याला कमरेखाली काही कळत नाही त्याला एका कुशीवर ठेवून चालत नाही, कातडी फाटते, जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. म्हणून मामांच्या खाटेवर हवेची गादी आहे. तिला एक छोटा पंप असतो, तो रात्रभर घुर्र घुर्र करतो आणि गादीतले कप्पे आळीपाळीने फुगवतो. वीज गेली की पंप बंद. आणि तो आवाज थांबला की मामींना जाग येते. गजरानं लोक उठतात, मामी आवाज बंद झाला की उठतात. उठून मामांची कूस बदलतात, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घालतात, टाचेखाली घडी सरकवतात आणि वीज येईपर्यंत तशाच बसून राहतात. पावसाळ्यात आमच्याकडं वीज किती जाते ते तुम्हाला सांगायला नको. मी दिवाळीत मुक्कामाला होते तेव्हा हे बघितलं. सकाळी मामी चहा करत होत्या, जणू रात्री काही झालंच नाही.

आता सांगा, जिद्द कशाला म्हणायचं?

विश्वासाचं म्हणाल तर मामींना विश्वास शिकवायला जाऊ नका. पहिल्या वर्षी त्यांनी सगळं केलं. अंगारे-धुपारे, नवस, कुणी सांगितलं म्हणून लांबच्या एका देवऋष्याकडं फेऱ्या. त्यानं म्हशीच्या किमतीएवढे पैसे खाल्ले. तोसुद्धा हेच म्हणायचा बरं का, "श्रद्धा कमी पडतेय." तोच सूर आज पाहुण्यांच्या तोंडून ऐकला आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली ती त्यामुळंच.

मग मिरजेतल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी सरळ सांगितलं, की चालणं विसरा, पण रोज उभं राहायचं. पाय ताठ धरणारे कॅलिपर बांधून, आधार धरून. उभं राहिलं तर हाडं ठिसूळ होणं लांबू शकतं, रक्तदाब ताळ्यावर राहायला मदत होते, लघवीच्या तक्रारी आणि पायांतले गोळे कमी होऊ शकतात. मामींनी गावातल्या वेल्डरकडून अंगणात दोन पाइप ठोकून घेतले, कमरेएवढ्या उंचीचे, समांतर. संध्याकाळी दिवा लावला की मामी मामांच्या पायांना पावडर लावतात, कॅलिपर चढवतात, एकेक पट्टा आवळतात, पट्ट्याखाली बोट घालून बघतात घट्ट झालंय का. मग मामा पाइप धरून दंडाच्या जोरावर वर येतात, आणि मामी पायरीवर बसून हरिपाठ सुरू करतात. हरिपाठ संपेपर्यंत उभं राहायचं, असा त्यांचा हिशेब. सुरुवातीला दोन अभंगांतच मामांना घेरी यायची, डोळ्यांपुढं अंधारी. आता अर्ध्याच्या बरंच पुढं जातात. एखाद्या दिवशी मामी मुद्दाम हळू म्हणतात, आणि मामा पाइपवरून ओरडतात, "आवं, पुढं सरका की, माऊलींनी इतकं वेळ न्हाई लावला लिहायला!"

याला मी श्रद्धा म्हणते. यात कुणी उठून चालणार नाहीये आणि ते दोघांनाही पक्कं माहीत आहे.

बरं, मान्य, सिनेमा आला म्हणून आमच्या भागातल्या पोरांना पेटकरांचं नाव कळलं. 2024 च्या जूनमध्ये 'चंदू चॅम्पियन' लागला तेव्हा पोरं शिट्ट्या मारत बाहेर पडत होती, रडत होती, त्यातली दोन-चार दुसऱ्या दिवशी तालमीत गेली असतील तर चांगलंच आहे. सिनेमावर राग नाही माझा. कार्तिक आर्यननं मेहनत घेतलीय, दिसते ती.

पण सिनेमाला शेवट लागतो आणि पदकाइतका सोयीचा शेवट दुसरा नाही. 1972 ला सोनं मिळालं. पद्मश्री कधी मिळाली? 2018 ला. अर्जुन पुरस्कार? 2025 च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीच्या घरात. मधली वर्षं मोजा. त्या वर्षांत माणूस पुण्यात टेल्कोत नोकरी करत होता, संसार करत होता, आणि शेजारच्याला माहीत नव्हतं की हा कोण आहे. मला विचाराल तर पाण्यातले ते 37 सेकंद अवघड होतेच, पण ही वर्षं जास्त अवघड. त्यात टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

आणि हे काही पहिल्यांदा झालं नाही. कृष्णाकाठानंच वर गेलात की कऱ्हाडजवळ गोळेश्वर. खाशाबा जाधव. 1952, हेलसिंकी, कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते म्हणून गावोगाव वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार दिले. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि नंतर? पोलिसात नोकरी, 1984 ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. भाषणात लोक खाशाबांच्या जिद्दीवर बोलतात. घर गहाण टाकणाऱ्या मास्तरांवर कुणी तासभर बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. बाकी स्वतःच्या घरावर कर्ज काढून दुसऱ्याच्या पोराला फिनलंडला पाठवायचं, याला काळीज लागतं. आज आपण शेजारच्या पोराला बूट घेऊन देताना तीनदा विचार करतो.

पेटकरांच्या मागंही कुणीतरी होतंच. सैन्याचं हॉस्पिटल होतं, पाण्यात उतरवणारे होते, पुढं क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारखी माणसं अपंग खेळाडूंच्या पाठीशी उभी राहिली. मामांनी हा सिनेमा बघितलाय बरं का, पाहुणे. दिवाळीतच, माझ्या मुलाबरोबर, टीव्हीवर. शेवटापर्यंत बघितला. मुलगा डोळे पुसत होता. मामा एवढंच म्हणाले, "मिल्ट्रीनं सांभाळलं त्येला. न्हाईतर खाटंवरच गेला असता." मग थोड्या वेळानं विचारलं, "पाण्यात उतरवायला कोन हुतं रे त्येच्यासंगं?" मुलाला सांगता आलं नाही.

हा प्रश्न विचारायचा असतो पाहुणे. मनात किती आणलं, हा नाही.

इथं मला परत चिडायला झालं. आजच्या त्या हॉलला रॅम्प नव्हता. लग्नाचा हॉल, मोठी कमान, कारंजं, सेल्फी पॉइंट, आणि आत जायला सहा-सात पायऱ्या. चौघांनी मामांना खुर्चीसकट उचलून नेलं. उचलताना मामा दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून डोळे मिटून घेतात, मला ते बघवत नाही. एवढा एक पैलवान माणूस. स्वच्छतागृहाचा दरवाजा इतका अरुंद की खुर्ची जातच नाही, म्हणून मामांनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. मामी पाणी आणायला गेल्या म्हणाल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं की पाण्यासाठी नाही गेल्या. तर अशा हॉलमध्ये बसून माणसाला इच्छाशक्तीवर प्रवचन द्यायचं! थोडं सिमेंट आणि एक गवंडी, एवढ्यात झाला असता तो रॅम्प. देवाला कशाला मध्ये घालता?

आमच्याच जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी 2024 ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य घेऊन आला, 16.32 मीटर. तेव्हाही स्टेटसला फोटो, "गर्व आहे सांगलीकर असल्याचा." ठेवा की स्टेटस, मीपण ठेवलं होतं. पण गावातल्या ग्रामपंचायतीची पायरी तशीच आहे आणि मामांना दाखल्यासाठी बाहेर उन्हात थांबून सही करावी लागते, कारकून रजिस्टर घेऊन बाहेर येतो. येतो हे तरी बरं.

जाऊ द्या. आता जरा शांत झाले. चहा घेतला.

खरं सांगायचं तर तो माणूस वाईट नाही. मामांना उचलणाऱ्या चौघांत एक तेच होते, जाताना आणि येताना दोन्ही वेळा, आणि घामाघूम झाले होते. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं. अपंग माणसासमोर आपण सगळेच असे गडबडतो, काय बोलावं सुचत नाही, मग जे पिक्चरमध्ये ऐकलं ते तोंडातून येतं. मामांनाही राग नव्हता आला. गाडीत बसताना मी म्हटलं, "मामा, कसं ऐकून घेता हो तुम्ही?" तर म्हणाले, "अगं त्यो बोलला तरी. बाकीची बघून न बघितल्यासारखं करत्यात." आणि मग मामींना, "आज उशीर झाला, हरिपाठ चुकतोय वाटतं." मामी म्हणाल्या, "चुकत न्हाई काय न्हाई. घरी गेल्यावर बघू. कॅलिपर काय मी चढवायचं इसरले का?"

त्यांचा फोन आत्ताच येऊन गेला. पोचले नीट. उभे राहिले. अर्धाच झाला आज, दमले होते.

तर पोस्ट लिहिण्याचं खरं काम आता. त्या हवेच्या गादीचा पंप इन्व्हर्टरवर किंवा छोट्या बॅटरीवर रात्रभर चालतो का, कुणाला अनुभव आहे? गावात इन्व्हर्टरवाला आहे, पण तो म्हणतो पंख्यासाठी लावून देतो, पंपाचं माहीत नाही. घरात कुणी असं आजारी असेल आणि काही जुगाड केला असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, कंपनी आणि अंदाजे खर्चासकट. आणि इच्छाशक्तीवरचे व्हिडिओ कृपा करून पाठवू नका.