लसणाने फुगा विरघळत नाही, मावशी

रविवारी चोपड्याला मावशीकडे गेलो होतो. कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजता भाजता ती सहज म्हणाली, "चार दिवस झाले, बीपीची गोळी सोडली रे." का, तर भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला : मेंदूतला फुगा लसणाच्या काढ्याने विरघळतो, गोळ्या बंद करा, तारेचं ऑपरेशन टाळा. हे ऑपरेशन म्हणजे धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात तारेचं वेटोळं, म्हणजे 'कॉइल', भरणं.

मावशीला असा फुगा आहे, न फुटलेला. तोही 'अझायगस' धमनीवर. म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या उजव्या-डाव्या दोन धमन्यांऐवजी तिच्यात जन्मापासून एकच खोड.

विरघळायला ती काय खडीसाखर आहे? धमनीची भिंत जिथे कमजोर, तिथे ती बाहेर फुगते, सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी. ट्यूबवर लसूण चोळून फुगा बसलेला कुणी पाहिलाय? त्या भिंतीवरचा दाब आटोक्यात ठेवणं एवढंच घरी आपल्या हातात, आणि हे लोक नेमकं तेच बंद करायला सांगतात! तिथेच बीपी मोजलं : १७०/१००. आधी गोळी गिळायला लावली, मग जेवलो.

मेसेजमध्ये आणखीही दावे होते. "लोखंडी स्प्रिंग बसवतात, पुन्हा एमआरआय नाही." कॉइल प्लॅटिनमची असते, एमआरआय होतो, कॉइलचं कार्ड तेवढं दाखवायचं.

"नस वेगळी असेल तर तार चालतच नाही." यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. एकाच खोडावर दोन्ही बाजू जगतात, तिथे गुठळी अडकली तर दोन्ही पायांतली ताकद जाऊ शकते. म्हणूनच आधी अँजिओग्राफीने नकाशा काढतात, फुग्याचं तोंड रुंद असेल तर बलून किंवा स्टेंटचा आधार देऊन कॉइल भरतात. आणि 'वेगळी नस' म्हणजे काय आक्रीत? मेंदूच्या तळाचं धमन्यांचं कडं पुस्तकातल्या चित्रासारखं पूर्ण असतं, ते निम्म्याहूनही कमी लोकांत.

"कवटी उघडली तरच माणूस वाचतो." २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला 'आयसॅट' अभ्यास बघा. फुगा फुटलेले २१४३ रुग्ण. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी : कॉइलवाले २३.७ टक्के, कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला क्लिप लावलेले ३०.६. दोन्ही उपाय चालतील असेच रुग्ण त्यात घेतले होते आणि मावशीचा फुगा फुटलेला नाही, हे मान्य. कॉइल कधी दबते, पुन्हा भरावी लागते, हेही मान्य. म्हणून क्लिप की कॉइल की नुसती नजर ठेवायची, हे तिची अँजिओग्राफी पाहणारा डॉक्टर ठरवेल.

मेसेज टाकणाऱ्या मामांना फोन लावला. म्हणाले, "मी काय वाचा नही रे भो, तसाच पुढे ढकली दिधा."