दंड रुपयांत की दिवसांत?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला. तेव्हा इथे जर्मनीत राहणारी आम्ही मराठी मंडळीही संतापलो होतो. त्या खटल्यात प्रश्न नुसत्या दंडाचा नव्हता, पण घरची चर्चा नेहमीच्या वळणावर गेली: शिक्षा कडक करा, दंड वाढवा. दंड तर २०१९ च्या कायद्याने वाढलाच आहे. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. एवढ्या रकमेने रिक्षावाल्याचा महिना कोलमडतो. पोर्शेवाल्याच्या घरी तिची आठवणही राहत नाही.

जर्मनीत साध्या वाहतूक नियमभंगाची रक्कम सगळ्यांना सारखीच आहे. फौजदारी गुन्ह्याचा दंड मात्र १९७५ पासून दिवसांत मोजतात. न्यायालय आधी गुन्हा पाहून दिवस ठरवतं. मग दोषी माणसाची महिन्याची निव्वळ कमाई साधारण ३० ने भागून एका दिवसाची रक्कम काढतं. तिला 'टागेसझाट्स' म्हणतात. समजा, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल दोघांना ३०-३० दिवस लागले. महिना १,५०० युरो मिळवणाऱ्याला दिवसाला ५०, नऊ हजारवाल्याला ३००. म्हणजे दोघांचाही पुरता एक पगार गेला. पिवळ्या पाकिटातून घरी आदेश येतो, त्यावर दिवस किती आणि दिवसाचे युरो किती, हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. मला हाच हिशेब न्याय्य वाटतो.

"आपल्याकडे खरी कमाई सांगतो कोण?" असं लगेच विचारलं जातं. इथेही सगळे सांगत नाहीत. म्हणून तर कायद्याने न्यायाधीशाला अंदाज बांधायची मुभा दिली आहे. दारात कुठली गाडी उभी आहे, फ्लॅट कुठल्या सोसायटीत आहे, यावरून पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही न्यायाधीशाला तो बांधता येईल.

एक गोष्ट मात्र इथून मुळीच उचलू नये. दंड भरला नाही की इथे तुरुंग. विनातिकीट प्रवासाचा दंड थकलेली माणसंसुद्धा आत जातात. फेब्रुवारी २०२४ पासून दोन दिवसांच्या दंडामागे एक दिवस कैद, एवढी सवलत झाली. तरी आत जातो तो गरीबच. भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आली आहे. ज्याला दंड झेपतच नाही, त्याला कोठडीऐवजी तीच द्यावी, आणि ही तरतूद दिवसांच्या हिशेबाबरोबरच कायद्यात यावी.